पक्षाघातानंतरचे पुनर्वसन आणि एरोबिक व्यायाम : वेळ व मात्रा यांचे महत्त्व

प्रस्तावना :
मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यामुळे अथवा रक्तवाहिनी फुटल्यामुळे पक्षाघात होतो. शरीराची एक बाजू लुळी पडणे हा त्याचा दृश्य परिणाम होय. मात्र त्यामागोमाग येणारी दमछाक सहसा दुर्लक्षित राहते. अशा रुग्णाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता अनेकदा समवयस्क निरोगी व्यक्तीच्या निम्म्यावर आलेली असते. शिवाय दुबळ्या पायाने चालण्यास अधिक ऊर्जा लागते. दमतो म्हणून रुग्ण बसून राहतो आणि बसून राहिल्याने अधिकच दमतो. हे दुष्टचक्र भेदणे हे एरोबिक व्यायामाचे प्रयोजन आहे.

व्यायामाची मात्रा :
मोठ्या स्नायूंची लयबद्ध व सलग हालचाल, उदाहरणार्थ ट्रेडमिलवर चालणे किंवा स्थिर सायकल चालवणे, म्हणजे एरोबिक व्यायाम. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये आठवड्यातून ३ ते ५ दिवस, २० ते ६० मिनिटे, राखीव हृदयगतीच्या ४० ते ७० टक्के तीव्रतेने असा व्यायाम सुचविला. कमाल व विश्रांतीच्या हृदयगतीतील फरक म्हणजे राखीव हृदयगती. विश्रांतीची गती ७० व कमाल गती १५० असल्यास राखीव गती ८० येते आणि व्यायामातील अपेक्षित गती १०२ ते १२६ या मर्यादेत राहते. हृदयगती मंदावणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांत वयावरून काढलेली कमाल गती फसवी ठरते. तेथे रुग्णाला जाणवणाऱ्या श्रमाचाही आधार घ्यावा लागतो.

वेळेचा प्रश्न :
व्यायाम जितका लवकर तितका लाभ अधिक, ही समजूत संशोधनाने मोडीत काढली आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅव्हर्ट’ चाचणीत २,१०४ रुग्ण होते. पक्षाघातानंतर २४ तासांच्या आत वारंवार उठवून हालचाल करविलेल्या गटात तीन महिन्यांनी ४६ टक्के, तर नेहमीची शुश्रूषा मिळालेल्या गटात ५० टक्के रुग्णांची स्थिती समाधानकारक आढळली. जर्मनीतील ‘फिज-स्ट्रोक’ चाचणीत (२०१९) पक्षाघातानंतर ५ ते ४५ दिवसांत एरोबिक व्यायाम सुरू केलेल्या रुग्णांची प्रगती शिथिलीकरण करणाऱ्यांपेक्षा सरस ठरली नाही. उलट गंभीर प्रतिकूल घटना अधिक नोंदविल्या गेल्या.

आजार जुना झाल्यावर मात्र चित्र पालटते. अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जुना पक्षाघात असलेल्या ५५ व्यक्तींच्या अभ्यासात बारा आठवड्यांनंतर सहा मिनिटांत चालण्याचे अंतर तीव्र टप्प्याटप्प्याच्या व्यायामाने ७१ मीटरने, तर मध्यम व्यायामाने २७ मीटरने वाढले.

निष्कर्ष :
एरोबिक व्यायाम हे औषधासारखेच मात्रा व वेळ पाहून द्यावयाचे साधन आहे. पहिल्या दिवसांत संयम आणि पुढे हृदयतपासणीनंतर देखरेखीखाली क्रमाक्रमाने वाढविलेले श्रम, हा या अभ्यासांतून निघणारा बोध आहे. ‘काही महिन्यांनंतर सुधारणा थांबते’ असे मानून प्रयत्न सोडणे मात्र त्यास धरून नाही.