स्पिन-ऑफ

स्पिन-ऑफ ही एखाद्या मूळ संस्थेतून, कलाकृतीतून किंवा संशोधनातून निघून पुढे स्वतंत्र अस्तित्व प्राप्त झालेल्या घटकासाठी वापरली जाणारी संज्ञा आहे. उद्योग, मनोरंजन आणि तंत्रज्ञान या तीन क्षेत्रांत ती विशेष रूढ आहे. तिन्ही ठिकाणी दोन लक्षणे समान आढळतात : नवा घटक मुळाची जागा घेत नाही आणि मुळाच्या आधारावाचून तो उभा राहू शकतो.

संज्ञेचा अर्थ

इंग्रजीतील ‘स्पिन’ या क्रियापदाचे कातणे व गरगर फिरणे असे अर्थ आहेत. वेगाने फिरणाऱ्या वस्तूपासून एखादा भाग सुटून बाहेर पडावा, तशी कल्पना या संज्ञेत आहे. मराठीत सर्व क्षेत्रांना लागू पडेल असा एकच प्रतिशब्द नाही. कंपनीच्या संदर्भात ‘विलगीकरण’ व संशोधनाच्या संदर्भात ‘आनुषंगिक फलित’ असे शब्द योजता येतात. मनोरंजनक्षेत्रात मात्र इंग्रजी शब्दच वापरला जातो.

उद्योगक्षेत्र

कंपनी आपला एखादा व्यवसाय वेगळा काढून त्याची स्वतंत्र कंपनी करते आणि नव्या कंपनीचे समभाग आपल्या भागधारकांना त्यांच्याजवळील समभागांच्या प्रमाणात देते. भारतात ही प्रक्रिया ‘डीमर्जर’ या नावाने अधिक परिचित आहे. उपकंपनीवर मूळ कंपनीचे नियंत्रण असते. स्पिन-ऑफ झालेल्या कंपनीचे व्यवस्थापन व हिशेब वेगळे होतात. व्यवसाय विकल्यास त्याची किंमत कंपनीला मिळते. येथे मात्र व्यवसायाची मालकी थेट भागधारकांकडे जाते.

पुण्यातील बजाज ऑटो या कंपनीचे विभाजन हे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय. या विभाजनानंतर २००८ साली वाहननिर्मितीसाठी नवी बजाज ऑटो आणि विमा व वित्तसेवांसाठी बजाज फिनसर्व्ह अशा दोन कंपन्यांची शेअर बाजारात नोंदणी झाली. मूळ कंपनी बजाज होल्डिंग्ज या नावाने गुंतवणूक कंपनी म्हणून कायम राहिली.

नव्या समभागांसाठी वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत, म्हणून ते फुकट मिळाले असा समज होतो. तो बरोबर नाही. रिलायन्स इंडस्ट्रीजमधून जिओ फायनान्शियल सर्व्हिसेस वेगळी झाली, तेव्हा रिलायन्सच्या प्रत्येक समभागामागे नव्या कंपनीचा एक समभाग देण्यात आला. राष्ट्रीय शेअर बाजारात रिलायन्सचा आदल्या दिवशीचा बंद भाव २,८४१.८५ रुपये होता. २० जुलै २०२३ रोजी विशेष सत्रात तो २,५८० रुपये ठरला. दोहोंतील २६१.८५ रुपयांचा फरक हीच जिओ फायनान्शियलच्या एका समभागाची किंमत मानण्यात आली. म्हणजे भागधारकाची एकूण मालमत्ता त्या क्षणी वाढली नाही. ती दोन ठिकाणी विभागली गेली. पुढील लाभ किंवा तोटा दोन्ही कंपन्यांच्या स्वतंत्र कामगिरीवर अवलंबून असतो.

मनोरंजनक्षेत्र

एखाद्या मालिकेतील किंवा चित्रपटातील दुय्यम पात्र घेऊन त्याभोवती रचलेल्या नव्या कलाकृतीस स्पिन-ऑफ म्हणतात. ‘चीअर्स’ या अमेरिकी मालिकेतील मानसोपचारतज्ज्ञाच्या पात्रावर ‘फ्रेझर’ ही मालिका १९९३ मध्ये सुरू झाली आणि ११ वर्षे चालली. याउलट ‘फ्रेंड्स’मधील एका पात्रावर २००४ मध्ये आलेली ‘जोई’ ही मालिका दोन वर्षांतच बंद पडली. पात्र लोकप्रिय असले तरी त्याला स्वतंत्र कथा पेलतेच असे नाही. हिंदीत ‘बेबी’ (२०१५) या चित्रपटातील शबाना या पात्रावर ‘नाम शबाना’ (२०१७) हा चित्रपट निघाला.

मूळ कथा पुढे नेणारा भाग किंवा तिच्या आधीची हकीकत सांगणारी पूर्वकथा ही आपोआप स्पिन-ऑफ ठरत नाही. ‘रात्रीस खेळ चाले’ या मराठी मालिकेचा दुसरा भाग त्याच कुटुंबाची आधीची कथा सांगतो. त्यामुळे त्यास पूर्वकथा म्हणणे अधिक योग्य ठरते. ‘नाम शबाना’ ही मात्र एकाच वेळी पूर्वकथाही आहे आणि स्पिन-ऑफही.

तंत्रज्ञान व संशोधन

एका हेतूने विकसित केलेले तंत्र दुसऱ्याच क्षेत्रात उपयोगी पडल्यास त्यासही स्पिन-ऑफ म्हणतात. अमेरिकेच्या नासा या अंतराळसंस्थेने १९६० च्या दशकात विमानातील आसनांसाठी विकसित करवून घेतलेला मेमरी फोम पुढे गाद्या व उशांमध्ये वापरला जाऊ लागला. टेफ्लॉन हे मात्र नासाचे स्पिन-ऑफ नव्हे. त्याचा शोध १९३८ मध्ये, नासाच्या स्थापनेपूर्वी २० वर्षे लागला होता.

भारतात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी अशा उपयोगाचे उदाहरण आपल्या भाषणांतून सांगितले. क्षेपणास्त्रासाठी तयार केलेल्या हलक्या संमिश्र पदार्थापासून हैदराबाद येथे अपंग मुलांसाठी कॅलिपर बनविण्यात आले. पूर्वीचे धातूचे कॅलिपर तीन किलोहून अधिक वजनाचे होते. नव्याचे वजन सुमारे ३०० ग्रॅम होते.

विद्यापीठातील संशोधनाच्या आधारे निघालेल्या कंपनीलाही हीच संज्ञा लावतात. १९९८ मध्ये स्थापन झालेली गूगल ही स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांच्या संशोधनातून उभी राहिली. तिच्या शोधपद्धतीचे पेटंट विद्यापीठाच्या नावे होते.