घरातले फोटो घरातच: कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

जुलै २०२२ मध्ये इरई नदीचं पाणी चंद्रपूरच्या नदीकाठच्या वस्त्यांत शिरलं. त्याच महिन्यात गोदावरीने सिरोंचा तालुक्यातल्या गावांना वेढा घातला. भामरागडचा रस्ता तर पर्लकोटा फुगली की पावसाळ्यात हमखास बंद होतो. पाणी ओसरलं की लोक आधी धान्य, गाद्या आणि कागदपत्रं वाळवतात. फोटोंची आठवण सगळ्यात शेवटी येते, तोवर अल्बममधले फोटो एकमेकांना चिकटलेले असतात.

आमच्या नात्यातल्या एका घरी मरहूम दादीजानचा एकच फोटो होता. फ्रेममध्ये पाणी गेलं, फोटो काचेला चिकटला, कपाळावरचा आणि कानाजवळचा रंग उडाला. दुरुस्तीसाठी आम्ही तो एका स्टुडिओत दिला. आठ दिवसांनी परत आला तेव्हा फोटो चकचकीत होता. सुरकुत्या गेल्या होत्या, ओठ गुलाबी झाले होते. घरातल्या वयस्कर फुफीजानने तो हातात घेतला, चष्मा पुसला आणि विचारलं, "ही कोण?"

मग ठरवलं की हे काम आपणच शिकायचं. (तस्वीर काढावी की नाही यावर उलमांमध्ये मतभेद आहेत. त्या चर्चेत आम्ही इथे शिरत नाही. ज्यांच्या घरात फोटो आहेत आणि मुलांचे फॉर्म भरायचे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहोत.)

सुरुवात मात्र चुकीची झाली. कॉम्प्युटर दुरुस्तीला आलेल्या एकाने पेन ड्राइव्हवरून फोटोशॉप 'फुकट' टाकून दिलं. टाकताना म्हणाला, अँटिव्हायरस जरा बंद करा. तिथेच आम्ही त्याला थांबवायला हवं होतं. काही दिवसांनी एकाही फाइलचं नाव ओळखू येईना, एकही फोटो उघडेना. शाळेच्या दोन वर्षांच्या कार्यक्रमांचे आणि घरच्या एका निकाहचे फोटो गेले ते गेलेच. निकाहचे काही नातेवाइकांच्या मोबाइलमधून परत गोळा केले, शाळेचे मिळाले नाहीत.

अशी चोरलेली प्रत सर्रास वापरली जाते आणि वापरणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. दुकानातून साबणाची वडी न विचारता उचलणार नाही असा माणूसही कॉम्प्युटरवर मात्र असं सॉफ्टवेअर बिनदिक्कत ठेवतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब नुसार, माहीत असूनही बेकायदा प्रत वापरणं हा गुन्हा आहे. आणि आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८८ मध्ये कुवैतच्या बैठकीत ठराव केला की लेखन, शोध आणि व्यापारी नाव यांवरचे हक्क शरीअतला मान्य आहेत, त्यांवर अतिक्रमण करता येत नाही. फोटोशॉप उत्तमच आहे. पण १९९० मध्ये बाजारात आलेल्या या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या २०१३ पासून फक्त भाड्याने मिळतात. भाडं थांबलं की वापर थांबतो. ज्याचा धंदा फोटोचा आहे त्याने ते जरूर भरावं. आपल्यासारख्यांच्या घरी महिन्यातून चार फोटो सुधारायचे असतात, त्यासाठी हा खर्च कशाला?

म्हणून आधी काम मोजावं. आम्ही वर्षभरात केलेल्या कामांची यादी केली तेव्हा कळलं की बहुतेक कामं तीनच होती: फोटो कापणं, उजेड सुधारणं आणि फाइलचा आकार कमी करणं. एवढ्यासाठी इरफानव्ह्यू पुरेसं आहे. ते बोस्नियातल्या यायत्से गावच्या इरफान श्किलियान यांनी बनवलं, ऑस्ट्रियात शिकत असताना, १९९६ मध्ये. घरगुती वापरासाठी ते मोफत आहे, दुकानदाराने किंवा कार्यालयाने वापरलं तर पैसे द्यावे लागतात. काही एमबीचंच असल्याने अहेरी-एटापल्लीकडच्या रडतखडत चालणाऱ्या नेटवरही उतरतं आणि जुन्या कॉम्प्युटरवर चालतं. मात्र ते विंडोजवरच चालतं. उतरवताना अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावं. सर्चमध्ये वर दिसणारी मोठी हिरवी बटणं बहुधा दुसरंच काही गळ्यात घालतात.

फॉर्मच्या हंगामात याची किंमत कळते. बँक भरतीच्या आयबीपीएस फॉर्मला फोटो २० ते ५० केबीचा लागतो आणि सही १० ते २० केबीची. मोबाइलने काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो, त्यामुळे फॉर्म तो घेत नाही. मग मुलं सेवा केंद्रावर रांग लावतात, एका फोटोचा आकार कमी करायला पैसे देतात. इरफानव्ह्यूमध्ये फोटो कापायचा, रिसाइज करायचा, जेपीजी म्हणून साठवताना दर्जा थोडा खाली आणायचा. सोबतचे प्लगइन टाकले तर किती केबी हवेत तो आकडाच देता येतो. पासपोर्ट फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा. ३०० डीपीआयला तो साधारण ४१३ बाय ५३१ पिक्सेल होतो आणि चार बाय सहा इंचाच्या एका कागदावर असे आठ बसतात. तो कागद स्टुडिओतून छापून आणला की घरातल्या दोन मुलांचं वर्ष निघतं.

दादीजानच्या फोटोचं काम मात्र इरफानव्ह्यूच्या आवाक्याबाहेरचं होतं. त्यासाठी आम्ही गिंप घेतलं. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं आणि १९९६ मध्ये लोकांसमोर आणलं. ते मोफत तर आहेच, शिवाय त्याची प्रत दुसऱ्याला द्यायलाही परवानगी आहे. पेन ड्राइव्हवरून शेजाऱ्याला दिलं तरी ती चोरी नव्हे. डाउनलोड मोठं आहे, तेव्हा चांगलं नेट असलेल्या ठिकाणी एकदा उतरवून घ्यावं. पुढे नेट लागत नाही. फोटोशॉपची सवय असलेल्याला त्याची मांडणी सुरुवातीला परकी वाटते. आम्हाला छळलं ते एका गोष्टीने. 'सेव्ह' केलं की फाइल एक्ससीएफ नावाच्या त्याच्या स्वतःच्या प्रकारात साठते आणि व्हॉट्सॲपवर पाठवली तर कोणाला उघडत नाही. जेपीजी हवा असेल तर 'एक्सपोर्ट' करायचं. हे कळायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या.

गिंपचा आणखी एक फायदा आम्हा उर्दू-मराठी शिकवणाऱ्यांना विशेष वाटला. त्या चोरीच्या जुन्या फोटोशॉपमध्ये आमच्या मुलीने ईदचं कार्ड बनवलं तेव्हा मराठीतली पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली आणि उर्दूची अक्षरं सुटी होऊन उलट्या क्रमाने उभी राहिली. गिंपमध्ये दोन्ही लिप्या नीट जुळतात. उर्दूसाठी नोटो नस्तालीक हा मोफत फाँट टाकून घ्यावा.

कॉम्प्युटरवर काहीच टाकायचं नसेल तर फोटोपी ब्राउझरमध्ये चालतं, फोटोशॉपच्या फाइलीही उघडतं. त्यात जाहिराती दिसतात, पण फोटो तुमच्याच कॉम्प्युटरवर राहतो, बाहेर चढवला जात नाही. मोबाइलवरच्या अनेक फुकट ॲपचं असं नाही. तिथे फोटो आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो. घरातल्या मुलीबाळींचे फोटो कोणाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये किंवा कुठल्या सर्व्हरवर पडून राहू नयेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. पेंट डॉट नेटही हलकं आणि चांगलं आहे, ज्याला गिंप जड वाटेल त्याने ते पाहावं. पिकासा कुणी सुचवलं तर घेऊ नका, गुगलने ते २०१६ मध्येच बंद केलं.

आता तो फोटो. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, चेहराच काचेवर राहतो. आम्ही काचेसकट स्कॅन केला, ६०० डीपीआयला, आणि मूळ स्कॅनची एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवली. गिंपमध्ये त्या चित्राचा दुसरा लेयर केला, म्हणजे चुकलं तरी खालचं शाबूत राहतं. 'लेव्हल्स'ने पिवळेपणा आणि फिकेपणा कमी केला. मग 'हील' घेऊन कपाळावरचे डाग एकेक करून टिपले. ब्रश जितका लहान तितकं काम चांगलं होतं. मोठा ब्रश फिरवला की कातडी मेणासारखी दिसू लागते, स्टुडिओवाल्याच्या फोटोत तेच झालं असावं. ओढणीची किनार 'क्लोन'ने जोडली. सुरकुत्यांना हात लावला नाही. रोज इशानंतर अर्धा-पाऊण तास, असे नऊ दिवस लागले. मधे दोनदा वीज गेली आणि न साठवलेलं काम गेलं.

छापून नेला तेव्हा फुफीजानने बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, "अम्मीच आहे. पण कानाजवळ हे पांढरं काय राहिलं?"

ती जागा आम्ही तशीच ठेवली होती. तिथे बाली होती की झुमका, हे त्यांना विचारल्याशिवाय भरायचं नव्हतं. त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. त्यांनाही नक्की सांगता आलं नाही.