गर्दी कोणती, जमाव कोणता?

उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पाण्याची फार ओढाताण होते. एका वर्षी आम्ही वीस-पंचवीस बायकांनी कचेरीत जायचे ठरवले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाई, अर्ज तुम्हीच लिहा, आणि इंग्रजीत लिहा. साहेबांवर वजन पडेल!" बी. ए.ची अब्रू राखायची म्हणून मी ऐटीत लिहिले, उद्या बायकांचा 'मॉब' आपणांस भेटायला येईल.

दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तो काय, दारात दोन पोलीस! साहेब म्हणाले, "बाई, मॉब म्हणजे दंगा करणारा जमाव." सगळ्याजणी हसल्या. मी मात्र ओशाळून गेले, आणि पाण्याचे बोलणे राहिले बाजूला. मला म्हणायचे होते 'डेप्युटेशन', म्हणजे शिष्टमंडळ.

मैत्रिणींनो, आपण मराठीत अशी चूक करत नाही. लग्नाला जाते ते वऱ्हाड, पंढरीला जाते ती दिंडी, चोरांची असते ती टोळी. वऱ्हाडाला टोळी म्हणून पाहा, विहीणबाई जेवायच्या थांबतील! इंग्रजीचेही तसेच आहे.

वैशाखात आमच्या अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. तिथे लोटते ती गर्दी म्हणजे 'क्राउड'. माणसे पुष्कळ आहेत, एवढेच हा शब्द सांगतो. तीच माणसे कीर्तन ऐकायला बसली की 'ऑडियन्स'. फेब्रुवारी २०२४ मध्ये इथे ९७ वे मराठी साहित्य संमेलन झाले. मंडपात भाषण ऐकत बसलेले ते ऑडियन्स, बाहेर पुस्तकांभोवती जमलेले ते क्राउड. क्रिकेटचा सामना पाहणारे मात्र 'स्पेक्टेटर्स' आणि खेळणारे अकराजण 'टीम'.

शाळेतले शिक्षक-शिपाई मिळून 'स्टाफ', जहाजावरचे 'क्रू'. 'दहा स्टाफ आले' असे म्हणू नये. स्टाफपैकी दहाजण आले म्हणावे. आणि मुलांना एक पक्के सांगून ठेवा, 'पोलीस' या शब्दापुढे 'इज' नाही, 'आर' येते.

'गँग' शब्दाची तर गंमतच आहे. रुळांची देखभाल करणाऱ्या कष्टाळू माणसांना रेल्वेत गँगमन म्हणत. पण आज गँग म्हटले की गुंडच डोळ्यांपुढे येतात. 'मॉब' हा शब्द लॅटिनमधल्या 'चंचल लोकसमूह' अशा अर्थाच्या शब्दांवरून आखूड झालेला. घडीत एक, घडीत दुसरे, असा तो जमाव.

हा नुसता व्याकरणाचा प्रश्न नाही हो. १ जुलै २०१८ रोजी आपल्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, भिक्षा मागत फिरणाऱ्या पाचजणांना लोकांनी मुले पळवणारी टोळी समजून ठार मारले. ती टोळी नव्हतीच. पोटासाठी गाव सोडून आलेली ती माणसे होती. 'टोळी' हा एक शब्द तोंडोतोंडी फिरला आणि बाजारातल्या क्राउडचा मॉब झाला.

म्हणून मुलांना भाजी निवडता निवडता विचारा, बसस्टँडवर काय, देवळात काय, नाटकाला काय? शब्द पाठ होतील, आणि माणसांना नाव ठेवण्याआधी नीट पाहायची सवयही लागेल.

आमच्या पाण्याचे काय झाले म्हणता? दुसरा अर्ज मी सरळ मराठीत लिहिला, "आम्ही खाली सह्या करणाऱ्या गृहिणी..." त्या खेपेला पोलीस नव्हते. साहेबांनी खुर्च्या मागवल्या!