पोत्यावरची चिठ्ठी

गोठ्यातलं काम बाईचं आणि पेंडीचं पोतं आणायचं काम घरधन्याचं, ही वाटणी आपल्याकडे जुनीच! दूध कमी झालं की बोलणी मात्र धार काढणारीलाच. म्हणून आमच्या बचत गटातल्या बायकांना मी नेहमी सांगते, पोत्याला शिवलेली ती चिठ्ठी चुलीत घालू नका. आधी वाचा. इंग्रजीत असेल तर मुलांकडून वाचून घ्या.

पहिली ओळ बघायची ती ‘क्रूड प्रोटीन’ची, म्हणजे प्रथिनांची. किमान २० टक्के लिहिलं असेल तर ५० किलोच्या पोत्यात १० किलो प्रथिनं. समजा, हे पोतं १,५०० रुपयांना आहे आणि शेजारचं १६ टक्केवालं १,३५० ला. स्वस्त कुठलं? दुसऱ्यात प्रथिनं आठच किलो. म्हणजे पहिल्यात किलोमागे १५० रुपये पडले, दुसऱ्यात जवळजवळ १६९!

पण नुसत्या या आकड्यावर भुलू नका. प्रयोगशाळेत खाद्यातलं नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. युरियात ४६ टक्के नत्र असतं. त्यामुळे थोडासा युरिया घातला तरी कागदावर प्रथिनं वाढतात. मोठ्या जनावराच्या पोटातले जिवाणू थोडा युरिया पचवतात. लहान वासरांना मात्र तो विषच. म्हणून युरियाची ओळख वेगळी शोधा आणि ते खाद्य वासरांपुढे टाकू नका.

पुढच्या ओळी ‘कमाल’च्या. तंतू जास्त म्हणजे भुसा-टरफलं जास्त. आम्लात न विरघळणारी राख जास्त म्हणजे चक्क माती-वाळू जास्त. हे आकडे जितके कमी तितकं बरं. ओलाव्याचंही तसंच. ओल जास्त असली की पावसाळ्यात बुरशी धरते. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन जनावराच्या पोटातून दुधात उतरतं आणि दूध उकळूनही जात नाही. तेच दूध आपली मुलंबाळं पितात ना?

आयएसआयचा शिक्का, तयार केल्याची तारीख आणि बॅच नंबर पाहून घ्या. खाद्य संपेपर्यंत चिठ्ठी आणि पावती जपून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर त्याच कामी येतात.

दुधाचा हिशोब आपणच ठेवतो. मग कुठलं पोतं घरात यायचं, हेही आपणच ठरवायला काय हरकत आहे?