पेशींची पकड

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जमाखर्च सोडून पेशींवर लिहिण्याचे कारण घरचे आहे. आत्याच्या स्तनातील कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने काढली. दोन वर्षांनी तोच रोग हाडात निघाला. ‘काढून टाकलेली गाठ हाडात कशी रे गेली? माझंच पथ्य चुकलं असणार,’ असे ती म्हणे. शास्त्र शाखेतील मित्राची पुस्तके वाचून जे समजले, ते येथे मांडतो.

आपल्या पेशी विटांसारख्या नुसत्या रचलेल्या नसतात. त्यांच्याभोवती कोलॅजेन, फायब्रोनेक्टिन इत्यादी प्रथिनांचे जाळे असते. हे जाळे धरून ठेवणारी मुख्य प्रथिने म्हणजे इंटेग्रिन. दोन साखळ्या मिळून एक इंटेग्रिन बनते. माणसात अशा २४ जोड्या आहेत. ते पेशीच्या पटलातून आरपार गेलेले असते. बाहेरचे टोक जाळे धरते, तर आतले टोक इतर प्रथिनांमार्फत पेशीतील ॲक्टिनच्या तंतूंना जोडले जाते. फायब्रोनेक्टिनवर ते पकडते ती जागा केवळ तीन ॲमिनो आम्लांची आहे, हे १९८४ साली उघड झाले.

इंटेग्रिन निरोप्याचेही काम करते. घरी मराठी व बाजारात कन्नड बोलणाऱ्या आम्हा बेळगावकरांना हे दुहेरी काम नवे नाही! वाहत्या रक्तातील रक्तपट्टिकांवरील इंटेग्रिन एरवी मिटलेले असते. जखम झाली की आतून निरोप येतो, ते उघडते, फायब्रिनोजेनला धरते आणि रक्तपट्टिका एकमेकींना चिकटतात.

बाहेरून आत येणारा निरोप तर जगण्यामरण्याचा असतो. त्वचेच्या किंवा ग्रंथींच्या अस्तरातील पेशीची पकड सुटली, की ‘जगत राहा’ हा निरोप थांबतो आणि ती स्वतःच मरते. १९९४ साली या मरणाला ग्रीक शब्दावरून ‘ॲनॉइकिस’ हे नाव दिले गेले. अर्थ, बेघर होणे. भलतीकडे वाढ होऊ नये म्हणून शरीराने केलेली ही तजवीजच होय.

कर्करोगाच्या काही पेशी हा नियम मोडतात. पकड सुटूनही त्या जगतात, रक्तातून दूर जातात आणि तेथे नवी पकड घेतात. कित्येकदा वर्षानुवर्षे गप्प राहतात.

हे सारे मी आत्याला सांगितले. गाठ काढण्यापूर्वीच काही पेशी सुटल्या असाव्यात. पथ्याचा दोष नव्हे. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं तर.’