उंबरठ्यावरचे देश (लेखांक ५) : मॉन्टेनेग्रोची तयारी कशावरून ओळखावी?

युरोपीय संघाने १९९३ साली कोपनहेगनला नव्या सदस्यांसाठी ठरवलेले निकष मागच्या लेखात पाहिले. आज ते मॉन्टेनेग्रोला लावून पाहू. एड्रियाटिक समुद्राकाठचा हा जेमतेम सव्वासहा लाख वस्तीचा देश २००६ मध्ये सार्वमत घेऊन सर्बियापासून वेगळा झाला. २००८च्या अखेरीस त्याने संघाकडे अर्ज केला आणि जून २०१२ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या. २०१७ मध्ये तो नाटोत गेला, आणि संघाशी कसलाही करार नसताना त्याचे चलन २००२ पासून युरोच आहे. वाटाघाटींची सर्व ३३ प्रकरणे २०२० पर्यंत उघडली गेली होती. उमेदवारांच्या रांगेत तोच सर्वांत पुढे मानला जातो आणि २०२८ मध्ये सदस्य होण्याचे त्याच्या सरकारचे उद्दिष्ट आहे.

प्रकरण उघडते म्हणजे त्या विषयावर बोलणी सुरू होतात. ते मिटते तेव्हा संघाचे समाधान झालेले असते. मॉन्टेनेग्रोची तीन प्रकरणे २०१७ पर्यंत तात्पुरती मिटली, आणि त्यानंतर थेट डिसेंबर २०२४ पर्यंत एकही मिटले नाही. याचे कारण २३ आणि २४ या प्रकरणांत सापडते. न्यायव्यवस्था, मूलभूत हक्क, भ्रष्टाचार आणि संघटित गुन्हेगारी हे त्यांचे विषय. रोमानिया आणि बल्गेरिया यांना २००७ मध्ये 'आधी प्रवेश, सुधारणा नंतर' या भरवशावर आत घेतले गेले आणि त्यांच्यावरची खास देखरेख औपचारिकपणे संपायला २०२३ उजाडले. देश एकदा आत आला की संघाच्या हातातले सर्वांत मोठे साधन निघून जाते. म्हणून मॉन्टेनेग्रोला ही दोन प्रकरणे सुरुवातीलाच घ्यायला लावली आणि त्यांतले मधले टप्पे पार होईपर्यंत बाकीची मिटवायची नाहीत असे ठरले. हे टप्पे जून २०२४ मध्ये पार झाल्याचा निर्वाळा मिळाला. ही अट जाचक वाटली तरी मला ती रास्त वाटते, कारण नवा कायदा संसद एका अधिवेशनात करू शकते, पण तो सत्ताधाऱ्यांच्या गैरसोयीचा असतानाही पाळला जातो की नाही, हे कळायला वर्षे जातात.

घटनात्मक न्यायालयाचे उदाहरण घ्या. सात न्यायाधीशांच्या या न्यायालयात सप्टेंबर २०२२ पासून तिघेच उरले. निर्णयाला चौघे लागतात, त्यामुळे कामकाज ठप्प झाले. न्यायाधीश निवडायला ८१ सदस्यांच्या संसदेत आधी दोन-तृतीयांश आणि ते न जमल्यास पुढच्या फेरीत तीन-पंचमांश मते लागतात. म्हणजे सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात समझोता हवाच, आणि तोच होईना. निवडणुकीच्या तक्रारींवर शेवटचा शब्द याच न्यायालयाचा असल्याने राजधानी पॉडगोरिकाच्या स्थानिक निवडणुकीचा निकालही अडकून पडला. ब्रसेल्सचा तगादा वाढल्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये तिघांची निवड झाली. अध्यक्षीय निवडणूक तेव्हा जेमतेम तीन आठवड्यांवर होती. डिसेंबर २०२४ मध्ये एका न्यायाधीशाची मुदत निवृत्तीवयामुळे संपल्याचे संसदेने जाहीर केले, त्यावरून विरोधकांनी कामकाज रोखून धरले आणि पुन्हा बाहेरून मध्यस्थी करावी लागली. न्यायाधीश नेमण्यासाठी परक्यांचा तगादा लागतो, तोवर त्या देशाला तयार कसे म्हणायचे?

यावर पहिला आक्षेप असा, की ही पडझड म्हणजेच सुधारणेची खूण आहे. त्यात तथ्य आहे. दीर्घकाळ देशाची सूत्रे हाती असलेले नेते मिलो जुकानोविच यांचा पक्ष २०२० मध्ये सत्तेवरून गेला, तोही मतपेटीतून. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या माजी अध्यक्षांना आणि २०२४ मध्ये माजी विशेष सरकारी वकिलांना अटक झाली. दोघांनीही आरोप नाकारले, पण पूर्वी अशांना हात लावण्याचीही कुणाची छाती नव्हती. मात्र सत्ता बदलल्यावर जुन्यांना पकडणे त्या मानाने सोपे असते. सत्तेवर असलेल्यांची चौकशी तेवढ्याच निर्भयपणे होते का, ही खरी कसोटी आहे.

दुसरा आक्षेप आकाराचा. ४५ कोटींच्या संघाला सव्वासहा लाखांचा काय भार? खर्चाच्या बाबतीत हे पटते. पण परराष्ट्र धोरण आणि करआकारणीत एकमत लागते आणि तिथे छोट्याचा नकारही मोठ्याइतकाच चालतो. २०२० मध्ये सायप्रसने बेलारूसवरचे निर्बंध काही आठवडे रोखून धरले होते. शिवाय आत आलेल्याला वठणीवर आणणेही अवघड असते : हंगेरीविरुद्ध युरोपीय संसदेने २०१८ मध्ये शिस्तीची कारवाई सुरू केली, ती अजून कुठल्याही शिक्षेपर्यंत पोहोचलेली नाही. लांबण लागली तर रशिया आणि चीन जागा घेतील, ही भीतीही खोटी नाही. २०१४ मध्ये महामार्गासाठी चिनी बँकेकडून घेतलेल्या कर्जाने या देशाच्या तिजोरीवर मोठा ताण आणला. पण त्यावर उपाय म्हणून पैसा आणि बाजारपेठ आधीही देता येते. मतदानाचा हक्क मात्र एकदा दिला की काढून घेणे जवळपास अशक्य असते.

म्हणून माझे मत असे : मॉन्टेनेग्रोला २०२८ ही तारीख जरूर द्यावी, पण ती घटनात्मक न्यायालयाला बांधावी. तिथली पुढची रिकामी जागा पॉडगोरिकाच्या संसदेने मुदतीत आणि ब्रसेल्सच्या तगाद्याविना भरली, तर या देशाला आत घ्यायला उशीर करण्याचे कारण उरणार नाही.