संगणकातला मंदूब

कुवेतला नवा आलेला माणूस जे पहिले चार अरबी शब्द शिकतो, त्यांत 'मंदूब' हा एक असतोच. इकाम्याचे काम असो की सिव्हिल आयडीचे, कंपनीचा मंदूब आपले कागद घेऊन जातो आणि शिक्का मारून आणतो. त्या कचेरीतल्या खिडक्या, रांगा, अरबी अर्ज यांच्याशी आपला संबंध येत नाही. २०२१ पासून यातली बरीच कामे 'सहल' नावाच्या ॲपवर होऊ लागली (अरबीत सहल म्हणजे सोपे, आपण मराठी माणसे मात्र डबे भरायला लागतो!), तरी मंदूबाची गरज काही संपलेली नाही.

मंडळी, संगणकातही असाच एक मंदूब बसलेला असतो. त्याचे नाव शेल. आज त्याच्याविषयी लिहायचे कारण म्हणजे आपल्याकडे सीबीएसईच्या अकरावी-बारावीची मुले आता पायथन शिकतात, आणि दोन-तीन महिन्यांत त्यांना शोध लागतो की आपल्या प्रोग्राममधूनच शेलला हुकूम सोडता येतो. शोध मोठा आहे. फायली गोळा करणारा टार, त्या दाबून लहान करणारा जीझिप, इकडून तिकडे नकला नेणारा आरसिंक, व्हिडिओ बदलून देणारा एफएफएमपेग, अशी कसलेली मंडळी आधीच हजर आहेत. त्यांचे काम पुन्हा लिहीत बसण्यापेक्षा चार ओळींच्या स्क्रिप्टमधून त्यांना हाक मारावी हे शहाणपणाचेच.

ही युक्ती जुनी आहे. बेल लॅब्जमध्ये १९६९ साली युनिक्सचा जन्म झाला, १९७९ साली स्टीफन बोर्नचा शेल आला, १९८९ मध्ये ब्रायन फॉक्सचा बॅश. लॅरी वॉलच्या पर्लमध्ये (१९८७) उलट्या अवतरणचिन्हांत हुकूम लिहिला की त्याचे उत्तर हातात पडायचे. आम्ही परदेशात एमएस करत होतो तेव्हा प्रयोगशाळेतली निम्मी कामे अशाच पर्लच्या जोरावर चालत. वाचताना डोळे दुखत, पण काम व्हायचे.

आता हा मंदूब वागतो कसा ते पाहू. तो फार आज्ञाधारक आहे, आणि तिथेच गोची आहे. त्याला आपण एका ओळीची चिठ्ठी देतो. तो आधी मोकळ्या जागा पाहून तिचे तुकडे करतो. चांदणी दिसली तर 'सगळ्या फायली' असा अर्थ घेतो. अर्धविराम दिसला की एक काम संपले, दुसरे सुरू असे समजतो. 'गणपती २०२३' नावाची फाइल द्या, तो 'गणपती' आणि '२०२३' अशा दोन फायली शोधत बसेल. आणि एखाद्या टवाळाने नावाच्या जागी अर्धविराम टाकून पुढे फायली पुसण्याचा हुकूम लिहिला, तर तोही तो इमानेइतबारे बजावील. चिठ्ठीतला कुठला शब्द मालकाचा आणि कुठला परक्याचा, हे त्याला कळायला मार्गच नसतो.

आमच्या एका वसईकर मित्राचेच पाहा ना. आडनाव डि'मेलो. इंग्रजी कागदपत्रांत या नावात वर एक स्वल्पविराम लोंबत असतो. गोव्याच्या आणि वसईच्या कितीतरी कुटुंबांच्या पासपोर्टावर तो आहे, आणि शेलच्या दृष्टीने तो आहे अवतरणचिन्ह. उघडले की बंद व्हायलाच हवे. मित्राने घरच्या फोटोंची आणि ध्वनिफितींची नक्कल रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर जावी म्हणून पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. प्रत्येकाचा फोल्डर घ्यायचा, त्याचे नाव चिठ्ठीत चिकटवायचे, चिठ्ठी शेलच्या हवाली करायची. मुलांचे फोल्डर साध्या नावांचे, ते नीट गेले. वडिलांचा फोल्डर मात्र पूर्ण नावाचा, आडनावासकट. शेलने अवतरण उघडले, बंद करणारे सापडेना, म्हणून ती चिठ्ठी काहीही न करता परत केली. मध्यरात्री हे पाहायला जागे कोण असणार? स्क्रिप्ट पुढच्या फोल्डरकडे वळली आणि शेवटी तिने छापले, 'बॅकअप पूर्ण'.

वर्षभराने लॅपटॉप बंद पडला तेव्हा हे उघडकीला आले. वडील तोवर गेले होते. त्यांच्या आवाजातली सामवेदी बोलीतली लग्नाची गाणी त्या फोल्डरात होती. दोन गाणी वसईच्या मावशींच्या फोनवर सापडली. बाकीची गेली.

आपल्या गावात या गोष्टीला वेगळी धार आहे. २ ऑगस्ट १९९० नंतर कुवेतमधले भारतीय हातात मावेल तेवढे घेऊन निघाले. अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी एक लाखाहून जास्त माणसे परत आणली. त्या वेळचे जुने कुवेतकर भेटले, की फ्रिज-गाडीपेक्षा घरात राहिलेल्या अल्बमची हळहळ आधी निघते. तेव्हा नक्कल ठेवण्याची सोयच नव्हती. आज ती आहे, आणि ती एका स्वल्पविरामावर अडली.

यात दोन गोष्टी निसटल्या होत्या. पहिली चिठ्ठीची. पायथनमध्ये २००४ पासून, म्हणजे २.४ या आवृत्तीपासून, 'सबप्रोसेस' नावाचे मॉड्यूल आहे. त्यात हुकूम एका ओळीत न लिहिता यादी करून देता येतो: हा प्रोग्राम, हा त्याचा पहिला शब्द, हा दुसरा. मग शेल मध्ये येतच नाही. नावात स्वल्पविराम असो, मोकळी जागा असो, अरबी अक्षरे असोत, ते नाव अख्खेच्या अख्खे पोचते. त्याच मॉड्यूलमध्ये 'शेल बरोबर ट्रू' असे लिहून जुनी पद्धत परत आणता येते, आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या नमुन्यांत ते सर्रास दिसते. मुलांच्या प्रोग्राममध्ये ते दिसले तर 'कशासाठी रे?' एवढे जरूर विचारा.

दुसरी गोष्ट परतीच्या निरोपाची. प्रत्येक हुकूम संपताना एक आकडा ठेवून जातो. शून्य म्हणजे तक्रार नाही. दुसरे काहीही म्हणजे काम बिनसले. मित्राच्या स्क्रिप्टला तो आकडा रोज मिळत होता, विचारत कोणी नव्हते. 'सबप्रोसेस'च्या 'रन'ला 'चेक बरोबर ट्रू' सांगितले की आकडा शून्य नसेल तर स्क्रिप्ट तिथेच बोंब मारून थांबते. इथे आणखी एक खाच आहे. एका प्रोग्रामचे उत्तर नळीतून दुसऱ्याला दिले, तर शेल शेवटच्याचाच आकडा सांगतो. पहिला कोसळला आणि जीझिपने शून्य अक्षरे नीट दाबली, तरी निरोप शून्यच! बॅशमध्ये 'पाइपफेल' हा पर्याय लावला की खरे काय ते कळते.

उत्तरे वाचतानाही जपावे लागते. वाराचे नाव 'डेट' हा हुकूम यंत्राच्या भाषेप्रमाणे सांगतो, अरबी यंत्रावर अरबीत. त्यापेक्षा वाराचा आकडा मागावा. सोमवार एक, म्हणून शुक्रवार पाच. कुवेतची आठवड्याची सुट्टी सप्टेंबर २००७ मध्ये गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली. असे वार स्क्रिप्टमध्ये दहा ठिकाणी कोरून ठेवण्यापेक्षा वर एकाच जागी लिहिलेले बरे.

हे सगळे नवशिक्यांपुरतेच आहे असेही नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये बॅशमधला 'शेलशॉक' हा दोष उघड झाला. बाहेरून आलेला मजकूर वेब सर्व्हर बॅशकडे पोचवत होते आणि बॅश त्यातला हुकूम मुकाट बजावत होता. हा दोष पंचवीसेक वर्षे तसाच पडून होता.

मित्राची स्क्रिप्ट आता यादी देते, आकडा तपासते आणि बिनसले तर फोनवर संदेश पाठवते. शिवाय दर गुरुवारी रात्री त्याची धाकटी मुलगी दुसऱ्या डिस्कवरची कुठलीही एक फाइल उघडून पाहते. गेल्या महिन्यात तिने आजोबांचे गाणे लावले होते, मावशींकडून आलेल्या दोनांपैकी एक.